हिरव्या झाडावरची सही

इथे इंग्लंडात कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, ट्री ऑफिसर नावाची पोस्ट असते आणि मी त्या पोस्टवर एकवीस वर्षं काढली, हे आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही. गणपतीत कोणीतरी हमखास विचारतं, "शैलाताई, म्हणजे तुम्ही झाडांना पाणी घालायचात का?" नाही हो. पाणी घालायला वेगळी माणसं असतात. माझ्याकडे यायच्या त्या झाडांविषयीच्या तक्रारी.

लाइमच्या झाडावरून (लिंबाचं नव्हे, इथलं सावलीचं मोठं झाड) चिकट थेंब गाडीवर पडतात. झाड आडवं येतं म्हणून टीव्ही नीट दिसत नाही. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की शेजारच्या बर्चची पानं त्यांच्या बागेत परवानगीशिवाय येतात. एका बाईंना समोरचा मॅग्नोलिया नको होता, कारण तो त्यांच्या दिवंगत नवऱ्याला आवडायचा नाही, आणि नवरा गेल्यावर तरी त्याचं ऐकावं असं त्यांना वाटत होतं. आणखी एका महाशयांनी घरातून तळं दिसावं म्हणून ओकच्या बुंध्याला ड्रिलने भोकं पाडून आत तणनाशक ओतलं, आणि दोन महिन्यांनी 'हे झाड मरायला टेकलंय, धोकादायक आहे' असं पत्र त्यांनीच आम्हाला पाठवलं. भोकांमधला लाकडाचा भुसा अजून त्यांच्या दारातल्या पायपुसण्यावर होता.

माझ्या हत्यारांत मुख्य म्हणजे डोळे, आणि एक लाकडी हातोडा. बुंध्यावर ठोकत गोल फिरायचं. भरीव झाड एक आवाज देतं, पोकळ झाड दुसरा. मडकं घेताना आपण टिचकी मारतो तसंच. पण धंद्यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. धोका झाडात नसतो, झाडाखाली काय आहे त्यात असतो. मोकळ्या माळावरचं वाळलेलं झाड म्हणजे घुबडाचं घर. तेच झाड बसस्टॉपशी असलं की त्याची फाईल होते.

मी नोकरी लंडनच्या पश्चिमेच्या एका कौन्सिलमध्ये केली. तिचं नाव मुद्दामच देत नाही. राहायला आम्ही स्लाऊला, कारण माझा नवरा मिलिंद काम करायचा ते हॉस्पिटल जवळ होतं.

जूनमधली एक ईमेल अजून पाठ आहे. 'पांढरा झगा घातलेला एक माणूस रोज सकाळी काठीने झाडाला मारतो. झाडाला एक संशयास्पद पिशवी टांगलेली आहे. पोलिसांना कळवले आहे.'

मी पोचले तेव्हा पोलिसांची गाडी आधीच उभी होती. चार मजली फ्लॅट्सच्या मधे हिरवळ, तिच्यावर ॲशची तीन मोठी झाडं. ॲश म्हणजे राख नव्हे, ते या झाडाचं नाव. मधल्या झाडाखाली सत्तरीपुढचे एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. अंगात लांब पांढरा सदरा, त्यावर चॅरिटी शॉपमधलं ट्वीडचं जाकीट. हातात लांब काठी, तिच्या टोकाला वाकडा आकडा. दोन तरुण पोलीस पिशवीपासून बऱ्यापैकी अंतर राखून त्यांना प्रश्न विचारत होते आणि ते फोन पुढे करून म्हणत होते, "डॉटर. डॉटर."

मी मात्र ती काठी बघत राहिले. माझं लहानपण माणदेशात गेलं. वडील फॉरेस्ट खात्यात वनपाल होते. धनगरांच्या खांद्यावर असते तशीच ती आकडी होती. बाभळीची फांदी ओढून शेंगा पाडायच्या, शेळ्यांना घालायच्या. वडलांनी असल्या कितीतरी आकड्या आणि कोयते जप्त करून आमच्या मागच्या खोलीत रचून ठेवले होते. हॅम्पशरच्या कॉलेजात झाडांचा कोर्स करताना मला एकदाही त्या खोलीची आठवण झाली नव्हती. त्या सकाळी झाली.

फोनवर त्यांची मुलगी होती, आमना. हॉस्पिटलात नर्स. तिचं इंग्रजी थेट आपल्या इथल्या मुलांसारखं. तिने मला सांगितलं ते असं. वडलांचं नाव ओहाज. सुदानच्या पूर्वेला, तांबड्या समुद्राजवळच्या डोंगराळ वाळवंटात ते उंट आणि शेळ्या राखायचे. आता तिच्याकडे राहतात. पलीकडे मुलांसाठी छोटा फार्म आहे, तिथल्या पाच शेळ्यांना ते पाला नेतात. "आणि पिशवीत चहाचा थर्मास आणि नमाजाची चटई आहे. ते पिशवी झाडावरच ठेवतात. आमच्याकडे सगळे ठेवतात. लोक तंबू, भांडीकुंडी, सगळं झाडावर टांगून चार-चार महिने कळपामागे निघून जातात. कोणी हात लावत नाही. मी त्यांना दहा वेळा सांगितलंय की बाबा, इथे हात लावतात."

पोलिसांना हसू आलं. पिशवी उतरवली, थर्मास निघाला. ओहाजनी त्यातला चहा दोघांना देऊ केला. एकाने घेतला.

माझं काम झाडाचं होतं. मी त्यांना म्हटलं, दाखवा कसं करता. त्यांनी खाली चादर पसरली. आकडी फांदीत अडकवली आणि नुसती हलवली, झोपलेल्या माणसाला उठवताना खांदा हलवतात तशी. सुटायला आलेली पानं पडली. एकही डहाळी मोडली नाही. मी खाली वाकून बघितलं. मग ते दुसऱ्या फांदीकडे गेले. तीन-चार फांद्या झाल्यावर थांबले.

"एवढंच?" मी आमनाला फोनवर विचारलं.

तिने विचारून सांगितलं, "ते म्हणतात, उरलेला त्याचा वाटा."

त्याचा म्हणजे झाडाचा.

रिपोर्टात मी 'झाडाला इजा नाही' असं लिहून तक्रार बंद केली. पण मी तिथे पुन्हा जायला लागले. बहुतेक आमनाच्या सुटीच्या दिवशी. तिघं हिरवळीवरच्या बाकावर बसायचो, अतिगोड आलं घातलेली कॉफी प्यायचो आणि ओहाज बोलायचे. त्यांच्याकडे प्रत्येक झाडाला धनी असतो. एखाद्या नाल्यातली बाभळीसारखी काटेरी झाडं एका घराण्याची, पुढच्या वळणानंतरची दुसऱ्या घराण्याची. सावली कोणाचीही. आपोआप पडलेल्या शेंगा परक्याच्या शेळीने खाल्ल्या तर चालतात. पण झाड हलवायचं ते धन्यानेच, किंवा त्याला विचारून. लाकूड घ्यायचं ते वाळलेलं. हिरवं झाड कापलं तर सगळ्या घराण्यांची बैठक बसते आणि कापणाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं.

"आणि वाळलंय हे कसं ठरवता?" मी विचारलं. शेवटी माझा तोच धंदा.

"थांबून," ओहाज म्हणाले. आमनाने पुढचं भाषांतर केलं. "तीन-तीन वर्षं पाऊस नसतो. झाड मेल्यासारखं दिसतं. मग एका पावसात फुटतं. म्हणून आजोबा बघतात, मुलगा बघतो. घाई करणाऱ्याला आमच्यात झाडाचं कळत नाही असं म्हणतात."

मी हसले. आमच्याकडे सर्व्हे करणाऱ्याला एका झाडामागे सहा-सात मिनिटं मिळतात.

त्याच वर्षी ॲशच्या रोगाने आमच्या भागात जोर धरला होता. ही बुरशी बाहेरून आली आणि देशभर पसरली. झाड शेंड्याकडून पानं गळून उघडं पडत खाली येतं, आणि लाकूड इतकं ठिसूळ होतं की झाडावर चढून काम करणारी माणसं त्यावर चढायला नकार देतात. काही थोडी झाडं मात्र तग धरतात. कोणती, ते बघूनच कळतं, आणि बघायला वेळ लागतो.

ऑगस्टमध्ये सर्व्हे आला. हिरवळीवरची तिन्ही झाडं 'सहा महिन्यांत काढावीत' या यादीत होती. मी हातोडा घेऊन गेले. कडेच्या दोघांबद्दल शंका नव्हती. मधल्याच्या शेंड्याला थोडी जागा उघडी होती, पण आवाज चांगला येत होता. आमनाला सुटी होती, तीही आली. ओहाज माझ्या मागे मागे फिरले. नखाने सालीवर बारीक ओरखडा काढून आतला रंग बघितला. मग कडेच्या दोन्ही झाडांकडे हात करून मान हलवली, आणि मधल्याच्या बुंध्यावर पंजा ठेवला.

"हे आजारी आहे. मरत नाहीये. दोन वर्षं थांबा."

"तुमच्या वाळवंटात झाडाखाली कोणी नसतं," मी म्हटलं. "इथे बाक आहे. त्यावर माणसं बसतात."

आमनाने सांगितलं. ओहाजनी आधी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग बाक हलवा," ते म्हणाले.

एवढं सोपं. मी ऑफिसात येऊन खरंच तीन ईमेल लिहिल्या. पार्क्सवाले म्हणाले, बाक आमचा नाही, हाउसिंगचा. हाउसिंगवाले म्हणाले, तो कोणाच्या तरी स्मृतीसाठी दिलेला आहे, घरच्यांची संमती लागेल. त्या घरचे लोक ऑस्ट्रेलियात गेले होते. मी पत्र पाठवलं. उत्तराची वाट बघत होते. तो बाक चार बोल्टवर उभा होता. एका सकाळी मी आणि मिलिंद स्पॅनर घेऊन गेलो असतो तर वीस मिनिटांचं काम होतं. हे मला आज सुचतं. तेव्हा मी कौन्सिलची माणूस होते.

सप्टेंबरच्या शेवटी वादळ झालं. दुसऱ्या एका रस्त्यावर ॲशची फांदी चालत्या बाईच्या खांद्यावर पडली. कॉलरबोन मोडलं. बाई वाचल्या. ते झाड माझ्या 'पुढच्या वर्षी पुन्हा बघू' या यादीत होतं. मी स्वतः तसं लिहिलं होतं. त्यांना भेटायला हॉस्पिटलात जायची मला परवानगी नव्हती, कारण विमा आणि वकील आडवे आले. मी मिलिंदकडून चौकशी करत राहिले. त्यालाही सांगता येत नव्हतं. जेवण जाईना. घरात बसले तरी कान बाहेरच्या वाऱ्याकडे असायचे.

सोमवारी माझा मॅनेजर यादी घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "यादीतले सगळे ॲश हिवाळ्याआधी काढायचे. अपवाद नको. सही तुझी लागेल, शैला."

मधल्या झाडाच्या ओळीवर माझं पेन थांबलं होतं, हे खरं आहे. पण ते थांबणं कागदावर दिसत नाही. मी सही केली. ओहाजना सांगायला जायचं मी तीन आठवडे टाळलं.

ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी गॅरीचा फोन आला. गॅरी आमच्या कंत्राटदाराचा फोरमन, तीस वर्षं झाडं उतरवणारा. "तुझे म्हातारबुवा झाडाखाली बसलेत. उठत नाहीत. मी मशीन चालू करणार नाही. ये."

कडेची दोन्ही झाडं तोपर्यंत पडली होती. त्यांच्या बुंध्यांचं लाकूड तपकिरी, डागाळलेलं, हाताने कोपरा मोडावा असं. मधल्याखाली ओहाज मांडी घालून बसले होते, पाठ बुंध्याला टेकून. आमना नाइट ड्यूटीवरून थेट आली होती, युनिफॉर्ममध्येच. ती खूप थकलेली होती.

"मी सांगून बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही बोला."

मी समोर ओल्या गवतात बसले. वादळाचं सांगितलं. त्या बाईंच्या खांद्याचं सांगितलं. यादी, मॅनेजर, ऑस्ट्रेलियाची माणसं, सगळं सांगितलं. आमना वाक्यामागून वाक्य त्यांच्या भाषेत सांगत गेली. ओहाजनी एकच प्रश्न विचारला.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, हुकूम तुमचा आहे का?"

मॅनेजरचा आहे असं म्हणता आलं असतं. कौन्सिलचा आहे असंही. ते खोटं ठरलं नसतं.

"सही माझी आहे," मी म्हटलं.

ओहाजनी हात पुढे केला. मी त्यांना उठायला मदत केली. त्यांचा हात विलक्षण हलका होता. उठल्यावर ते बुंध्याकडे वळून काहीतरी पुटपुटले आणि आमनाचा हात धरून ते फ्लॅटकडे चालू लागले. मागे बघितलं नाही. करवतीचा आवाज सुरू झाला तेव्हा ते दारापर्यंतही पोचले नव्हते.

झाड पडल्यावर गॅरीने हेल्मेट काढलं आणि मला बोलावलं. बुंध्याचा कापलेला भाग दुधासारखा पांढरा होता. काठापासून मध्यापर्यंत एक डाग नव्हता.

"खणखणीत होतं गं," तो म्हणाला. तो मला टोचायला म्हणत नव्हता. लाकडातला माणूस चांगलं लाकूड बघून बोलतो तसं तो बोलला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो ट्रककडे निघून गेला.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. ओहाजनी स्वतः दार उघडलं. कॉफी झाली. मी माफी मागितली. सराव करून गेले होते, तरी नीट मागता आली नाही.

ओहाज बोलायला लागले आणि आमना भाषांतर करता करता थांबली. "हे मला माहीत नव्हतं," ती मला इंग्रजीत म्हणाली. मग डोळे खाली घालून तिने पुढचं सांगितलं.

ती जन्मायच्या आधी मोठा दुष्काळ पडला होता. कळप मेला. तिची थोरली भावंडं उपाशी होती. ओहाजच्या आईकडच्या घराण्याचं नाल्यात एक जुनं झाड होतं. त्याखाली लग्नं ठरायची. पान नव्हतं, पण साल आतून ओली होती. त्यांनी आधी फांद्या तोडल्या. मग बुंधा. मातीखाली जाळून कोळसा केला, पोती भरून हमरस्त्यावर ट्रकवाल्यांना विकला. मुलं जगली. पुढच्या वर्षी पाऊस आला. वरच्या बाजूची सगळी झाडं फुटली.

"बैठक बसली?" मी विचारलं.

"नाही. बसायला घराण्यातलं कोणी उरलं नव्हतं. शहराकडे गेले होते सगळे." आमनाने त्यांचं पुढचं वाक्य ऐकलं. "म्हणतात, बैठक बसली असती तर बरं झालं असतं. उत्तर देऊन मोकळा झालो असतो."

मी वाट बघत राहिले, की आता ते म्हणतील, म्हणून मी तुम्हाला माफ करतो. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी कपात आणखी कॉफी ओतली.

नोकरीची शेवटची तीन वर्षं मी एक काम जिद्दीने केलं. आमच्या फॉर्मवर 'ठेवा' आणि 'काढा' असे दोनच रकाने होते. मी भांडून तिसरा घालून घेतला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, अर्थ 'थांबा'. त्या रकान्यातल्या झाडाखालचं हलवता येईल ते आधी हलवायचं. पायवाट वळवायची, कुंपण घालायचं, गाड्यांची जागा बदलायची. मग दर उन्हाळ्यात जाऊन बघायचं. मॅनेजरने कुरकुर करत मान्य केलं. गॅरीने कुरकुर न करता केलं. बरेच ॲश त्या रकान्यात गेले. काही पुढे काढावेच लागले. काही आजही उभे आहेत.

ओहाज आता एडिनबराला असतात. आमनाला तिथल्या हॉस्पिटलात वरची जागा मिळाली. त्यांना थंडी सोसत नाही, पण तिथे टेकडीवर शेळ्या नसल्या तरी मेंढ्या दिसतात म्हणून तक्रार नाही, असं ती सांगते.

मी रिटायर झाले. बाग करते, मंडळाच्या लायब्ररीचं बघते. पण वारा सुटला की मला घरात बसवत नाही. मिलिंद छत्री हातात देतो. कापलेल्या झाडाचं दुःख असतं, ते जाग्यावर बसून करता येतं. मी राखलेल्या झाडांची भीती वाटते, आणि तिला जागा नसते.

यंदा फेब्रुवारीत असाच वारा होता. मी दोन बस बदलून एका पार्कात गेले. तिथला एक ॲश माझ्या सहीने उभा आहे. पायवाट आम्ही पलीकडून वळवली, बुटकं कुंपण घातलं. पण शाळा सुटली की मुलं कुंपणावरून उड्या मारून जुन्याच वाटेने जातात. हे मी कागदावर कुठे लिहिणार?

झाडापासून थोडी लांब उभी राहून मी आमनाला फोन लावला. तिने वडलांकडे दिला, मग परत घेतला.

"बाबा विचारतायत, तुमची नोकरी संपली ना?"

"संपली."

"मग तिथे काय करताय?"

"बघतेय, म्हणून सांग."

पलीकडे म्हातारबुवांचा आवाज आला. आमना म्हणाली, "विचारतायत, गरम काही घातलंय का अंगात."

"घातलंय."

"बरं म्हणाले."

शाळेची घंटा झाली. मुलांचे घोळके आले. दप्तरं आधी कुंपणापलीकडे फेकली, मग स्वतः उड्या मारल्या. वर फांद्या एकमेकींवर घासत होत्या. मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणारी बाई पिवळा कोट सावरत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कोणाला न्यायला आलात? नाव सांगा, हाक मारते."

"कोणाला नाही," मी म्हटलं. तिला ते विचित्र वाटलं असावं. ती परत जाऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मीही उभी राहिले. शेवटची मुलगी बुटाची नाडी बांधायला नेमकी झाडाखालीच वाकली. तिने एक नाडी बांधली. मग दुसरी सोडून तीही पुन्हा बांधली. मग धावत गेली.